के-सातचं रक्त

२९ ऑगस्ट १९९५

डॉ. अहिरे आज स्वतः लॅबमध्ये आले. कल्याणचा भरलेला दवाखाना सोडून डोंबिवली पश्चिमेला येतात म्हणजे काम तसंच असणार, हे मी ओळखलं. चहा नको म्हणाले आणि दोन कप प्यायले.

त्यांच्याकडे एचआयव्हीचे सात पेशंट झालेत. रोग कुठवर आलाय हे कळायला सीडी-फोर नावाच्या पेशी मोजाव्या लागतात. "मोजायचं मशीन मुंबईत आणि माझे पेशंट ठाकुर्ली-कोपरला," अहिरे म्हणाले. "खर्च सांगितला की माणूस खुर्चीतून उठतो, परत येतच नाही. तुम्ही मला नुसते लिंफोसाइट मोजून द्या. सोबत हिमोग्लोबिन, ईएसआर. आकडा दोन हजारांच्या वर असला तर माणूस बरा चाललाय. हजाराच्या खाली गेला तर संकट दारात. एवढ्यावर मी काम भागवीन."

एवढं मला येतं. पांढऱ्या पेशींची मोजणी आणि त्यातले लिंफोसाइट किती, हे मी वीस वर्षं डोळ्यांनी करतेय. कोपऱ्यावरच्या नव्या लॅबने आपोआप मोजणारं यंत्र घेतलंय, तिकडे रांग असते. हे म्हणतात, कुमुद, तुला त्या यंत्राचा सवतीसारखा मत्सर वाटतो. वाटतो. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

नावं लॅबमध्ये कुठेच लिहायची नाहीत असं ठरलं. बाजूच्या पोळीभाजीवालीला जरी कळलं तरी पेशंटला घर सोडावं लागेल. नुसते नंबर. सातवा पेशंट कोपरचा, म्हणून तो के-सात.

२ सप्टेंबर

के-सात येऊन गेला. विश्राम नाखवा. तिशीचा असेल, खांदे अजून कोळ्याचेच आहेत पण शर्ट आता त्यांच्यावरून लोंबतो. खाडीत मासळी उरली नाही म्हणून पाच वर्षं गुजरातेत ट्रॉलरवर होता. अकराशे पन्नास लिंफोसाइट. हिमोग्लोबिन बरं आहे.

मी विचारलं, बायकोची तपासणी झाली का? तो एकदम उभा राहिला. "तिला काय बी सांगाचा नाय. तुमी नि डॉक्टर, दोघांनी शपथ घ्या. नायतर मी खाडी जवल करीन." घरी आई, बायको आणि चार वर्षांची पोर आहे. बायकोला वाटतं, रक्त कमी झालंय.

अहिऱ्यांना फोन केला. म्हणाले, "मी दर वेळी त्याच्या मागे लागतो. दर वेळी हेच. जबरदस्ती केली तर तो यायचाच बंद होईल, मग दोघंही हातची जातील." मला हे पटलं नाही. तरी मी गप्प बसले, आणि गप्प बसणं फार सोपं होतं हे इथे लिहून ठेवते.

१० ऑक्टोबर

नऊशे. अहिऱ्यांनी सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या. रोजची एक, न चुकता. या आजारात छातीत एक प्रकारचा न्यूमोनिया होतो, तो या गोळ्यांनी रोखता येतो. साधी, जुनी, स्वस्त गोळी.

विश्राम म्हणाला, पुढच्या महिन्यापासून येणं जमणार नाही. स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना धाप लागते आणि गावातली माणसं विचारतात, डोंबिवलीला काय दर महिन्याला काम असतं? मी तोड काढली. कोपरला एका दवाखान्यात दामाजी नावाचा कंपाउंडर आहे, माझ्याकडे शिकलेला, हात हलका. त्याला चिठ्ठी पाठवली, की के-सात लिहिलेला बल्ब, म्हणजे मी विश्रामजवळ देऊन ठेवलेली रिकामी नळी, घेऊन येतील त्यांचं रक्त काढून द्यावं, नाव-गाव विचारू नये. भरलेला बल्ब घरचं कोणीतरी माझ्याकडे त्याच दिवशी पोचवील. अहिरे म्हणाले, झकास. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं.

१४ नोव्हेंबर

विश्रामची बायको बल्ब घेऊन आली. बायजा. काळीसावळी, तरतरीत, कडेवर मुलगी. मुलीचं नाव सरस्वती, पण सरू म्हटल्याशिवाय ओ देत नाही. बायजा बाकावर बसली नाही, दाराशी उभी राहून म्हणाली, "बाय, काय हाय ते आताच सांगा. मी थांबते."

दोन हजार शंभर.

माझा विश्वास बसेना. दुसरी स्लाइड केली, पुन्हा मोजलं. तेच. एका महिन्याच्या गोळ्यांनी एवढा फरक? मी बाहेर येऊन तिला म्हटलं, "अगं, रक्त एकदम छान आहे. काळजी करू नकोस." ती माझ्याकडे बघतच राहिली. "नक्की? चांगला हाय?" नक्की, म्हटलं. तिने पदर तोंडाला लावला आणि पोरीला घट्ट धरून निघून गेली. नवऱ्यावर एवढा जीव असलेली बाई मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. दिवसभर मी गुणगुणत होते म्हणे. ह्यांनी विचारलं, यंत्र बिघडलं का कोपऱ्यावरचं?

१७ नोव्हेंबर

अहिरे आनंदी नाहीत. विश्राम त्यांच्याकडे जाऊन आला. अंगभर लाल पुरळ उठलंय, खाजवून खाजवून कातडी सोललीय. गोळीनेच झालंय. "पण गोळी बंद करायची हिंमत होत नाही," म्हणाले. "आकडा तुमचा चांगला आहे, कुमुदताई, पण माणूस चांगला दिसत नाही."

मला राग आला. म्हटलं, माणूस पुरळामुळे वाईट दिसत असेल. मी दोनदा मोजलंय. दोन हजारांच्या वर असलेल्या माणसाला ही गोळी लागत नाही हे तुम्हीच मला शिकवलंत. मग मोजायचं तरी कशाला?

ते म्हणाले, "ठीक आहे. बंद करतो. दर महिन्याला मोजत राहा."

१९ डिसेंबर

दोन हजारच्या आसपास. टिकून आहे. हिमोग्लोबिन मात्र साडेदहावर आलंय आणि तांबड्या पेशी बारीक, फिकट दिसतात. लोह कमी पडतंय. बायकांत हे नेहमीचं, पुरुषात, तेही मासे खाणाऱ्या घरात, कमी दिसतं. जंत असतील. अहिऱ्यांना कळवलं.

बायजा आज थोडी बोलली. विश्राम कसा आहे विचारलं तर म्हणाली, "खोकतो. आई त्याला गावठी औषध देते. डॉक्टरकडं जाचा नाय बोलतो." आणि लगेच, "पन रक्त चांगला हाय ना?" चांगलं आहे म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला. डावा हात ती पोटाशी मुडपून धरते. मी म्हटलं, पोरीला एका हाताने उचलू नकोस, कंबर धरेल. ती हसली.

२० फेब्रुवारी १९९६

जानेवारीचा बल्ब आलाच नाही. आज आला. सतराशे.

घसरण फार नाही, पण मला लागली. बायजाला काय सांगायचं? तिला रोग ठाऊक नाही, मग आकडा सांगून काय कळणार? म्हटलं, "थोडं उतरलंय. खाण्यापिण्याकडे लक्ष दे."

"कोनाच्या?" तिने विचारलं.

"विश्रामच्या. आणखी कोणाच्या?"

ती म्हणाली, "असा उतरत गेला तर किती वर्सा र्‍हातो मानूस?"

मी दचकले. रक्त कमी असलेल्या माणसाबद्दल असं कोणी विचारत नाही. मी उगाच झटकून टाकल्यासारखं बोलले, की असले विचार करू नकोस, औषधं आहेत. खोटंच. अहिऱ्यांना म्हटलं, विश्रामला बोलावून घ्या. ते म्हणाले दोनदा निरोप धाडला, येत नाही.

१६ एप्रिल

साडेतेराशे. मी हा आकडा लिहून पेन खाली ठेवलं.

सगळं घर एकवीरेच्या जत्रेला जाऊन आलं. विश्रामला पायथ्याशीच बसवलं, वर चढवेना. बायजा सांगताना मध्येच थांबली, तिच्या तोंडात फोड आलेत, बोलताना दुखतं. अंगानेही उतरलीय. मी तिला रागावले. नवऱ्याची सेवा करता करता स्वतःच आडवी होशील, मग पोरीकडे कोण बघणार? ती म्हणाली, "तेच तर." चहा दिला तो तिने फोडांमुळे तसाच ठेवला.

आज मला फार वाटलं की तिला आत बोलवावं, दार लावावं आणि सांगून टाकावं. तिचीही तपासणी करायला हवी. पण मी शब्द दिलाय. अहिऱ्यांना फोनवर म्हटलं, हा कसला शब्द? ते म्हणाले, "मी आत्ताच कोपरला त्याच्या घरी जातो." गेले, तर विश्राम मागच्या दाराने खाडीकडे निघून गेला आणि मनुबाईने, म्हणजे त्याच्या आईने, अहिऱ्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

९ मे

विश्रामला काल उचलून आणलं. श्वास लागलाय, ओठ निळे. दोन ठिकाणी खाट मिळाली नाही, आजार कळल्यावर दोन्हीकडे नाही म्हणाले. शेवटी अहिऱ्यांनी मित्राच्या नर्सिंग होममध्ये, मागच्या खोलीत ठेवलंय. तोच न्यूमोनिया, ज्याच्यासाठी ती गोळी होती.

अहिरे फोनवर ओरडले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "साडेतेराशेवाल्याला हे सहसा होत नाही, कुमुदताई. या आणि स्वतः रक्त घ्या."

मी गेले. शीर सापडेना. तो मला ओळखत होता, बोलू शकत नव्हता. लॅबमध्ये येऊन मोजलं.

दोनशे ऐंशी.

पुन्हा मोजलं. मग कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये गेले, हो, मीच गेले, आणि म्हटलं तुमच्या यंत्रात घाला. यंत्रानेही तेवढेच दिले. म्हणजे आजची मोजणी बरोबर आहे. म्हणजे सहा महिने मी चुकत होते. माझ्या डोळ्यांना काय झालं होतं? त्या आकड्याच्या जोरावर मी अहिऱ्यांशी भांडले, गोळी बंद करायला लावली. हे शेजारी येऊन बसले, काही बोलले नाहीत. मला रडू आवरेना.

१० मे

नर्सिंग होमच्या मागच्या व्हरांड्यात बायजा भेटली. मनुबाई आत मुलाच्या पायाशी बसली होती. बायजाने विचारलं, "काल रक्त तुमी काढला? त्याचाच?"

"त्याचंच. दुसऱ्या कोणाचं काढणार?"

"चांगला नव्हता?"

"नाही. फार वाईट आहे. आधीचे माझे सगळे आकडे चुकले बहुतेक."

ती भिंतीला टेकली. "नाय चुकले. ते त्याचा नव्हता."

तिने डाव्या हाताची बाही वर सारली. कोपराच्या घडीत सुयांच्या खुणा होत्या. मग तिने सांगितलं ते असं, की दुसऱ्या वेळी रक्त दिल्यावर मनुबाई भडकली. दर महिन्याला नळी भरून रक्त नेतात म्हणून पोर सुकत चाललंय, आता एक थेंब काढू देणार नाही. कोळीवाड्यातल्या साऱ्या म्हाताऱ्या तेच म्हणत होत्या. बल्ब तर बायजाच्या हातात होता. ती दामाजीकडे विचारायला गेली. त्याने नंबर पाहिला, काही न विचारता म्हणाला, हात पुढे करा.

"मी केला," बायजा म्हणाली.

दामाजीचा काही दोष नाही. नाव विचारू नकोस हे मीच लिहून दिलं होतं.

मी स्वतःशी म्हटलं, म्हणजे डोळे चुकले नव्हते. क्षणभर, खरंच सांगते, मला बरं वाटलं. आणि त्याच क्षणी दोन हजार शंभरपासून साडेतेराशेपर्यंतचे सगळे आकडे माझ्यासमोर उभे राहिले, आणि ते ज्या बाईचे होते ती समोर उभी होती, तोंडातल्या फोडांमुळे हळू बोलत. मी काहीही न सांगता तिथून निघाले. भ्याले, दुसरा शब्द नाही.

११ मे

अहिरे म्हणाले, "आता त्याच्या शपथेला काय अर्थ? तुम्ही सांगा. तुमच्यावर तिचा विश्वास आहे." विश्वास कसला डोंबलाचा. तरी गेले.

व्हरांड्यात तेच बाकडं. मी शब्द जुळवत होते तोवर तीच म्हणाली, "मना ठाव हाय बाय, त्याला काय झालाय. त्याच्या ट्रॉलरवरचे दोघा असेच गेले. एकाची बायको पन गेली. मी काय आंधली हाय?"

"मग विचारलं का नाहीस?"

"कोनाला इचारू? तो बोलत नाय, डॉक्टर बोलत नाय, तुमी बोलत नाय. सगली तोंडा शिवून बसलाव." ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. "पयल्या बारीला आईच्या भीतीनं दिला. तुमी बोललाव, रक्त एकदम छान. मना वाटला, देवीनं वाचवला मना. मंग दर बारीला मीच दिला. माझाच आयकाला यायची. तुमी उतरला बोललाव तवा मी घरी जाऊन चूल पेटवली नाय."

मी तिचा हात धरला. सहा महिने ही बाई स्वतःचं ऐकायला येत होती आणि मी तिला नवऱ्याच्या जेवणाबद्दल सांगत होते.

मग तिने विचारलं, "त्याच्या गोल्या माझ्या रक्तावर बंद केल्याव?"

हा प्रश्न येऊ नये असं मला वाटत होतं. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं, "हो. पण तुझ्यामुळे नाही. तुझ्याजवळ दार लावून कोणी खरं बोललं असतं तर तू त्याचंच रक्त आणलं असतंस. गोळी बंद करा असं मी सांगितलं. माझ्या आकड्याच्या घमेंडीत."

तिने हात सोडवून घेतला आणि आत नवऱ्याकडे गेली. मला वाटलं, ही आता मला कधी तोंड दाखवणार नाही.

१५ मे

विश्राम गेला. शेवटच्या दोन दिवसांत त्याला थोडं बोलता येत होतं. बायजाशी काय बोलला ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अहिरे म्हणाले, गोळी चालू असती तर कदाचित हे दिवस पुढे गेले असते, कदाचित नसतेही. दुसरं वाक्य त्यांनी माझ्यासाठी जोडलं, ते मला कळतं.

११ जून

लॅब बंद करायच्या बेतात होते. दारात बायजा, सोबत सरू. कपाळ मोकळं, अंगावर साधी साडी. आत आली, स्वतःच दार लावलं आणि बाकावर बसली.

"माझा तर तुमाला ठाव हाय," म्हणाली. तिची तपासणी अहिऱ्यांनी करून घेतली होती, निकाल जो यायचा तोच आला होता, गोळ्या सुरू झाल्या होत्या. तिला पुरळ उठलं नव्हतं. "आता हिचा काढा. हिची शंका डोक्यात घेऊन मना रोज जगता येत नाय."

सरूने बाही स्वतःच वर केली. आईचं पाहून तिला ठाऊक होतं काय करायचं. एका सुईत शीर मिळाली, पोर रडली नाही.

१७ जून

निगेटिव्ह. किट बदलून दोनदा केलं. दोन्ही वेळा निगेटिव्ह.

दार लावलं आणि बायजाला सांगितलं. ती सरूच्या केसांतून हात फिरवत बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आज माझा घ्या. आता नीट आकडा सांगाचा. चढला तर चढला, उतरला तर उतरला. ही सतरा-अठराची व्हईपर्यंत मना टिकाचा हाय. व्हईल काय?"

मी रक्त घेतलं, तिच्या समोर बसून मोजलं. बाराशे चाळीस. सांगितलं. आणि म्हटलं, तेवढी वर्षं होतील की नाही मला ठाऊक नाही, बायजा. आज कोणालाच ठाऊक नाही.

"बरा," ती म्हणाली. "खरा बोललाव." आणि पुढच्या महिन्याला कधी यायचं ते विचारून पोरीला घेऊन गेली.